ते तीन अंश जमिनीचे नव्हतेच



मागच्या पौषात मी इथं एक टिपण लिहिलं होतं. पहाटे दोन तास विहिरीचं पाणी ड्रीपनं सोडलं की द्राक्षाच्या मुळाशी तीन अंश ऊब येते, असं त्यात होतं. सोबत मोबाईलवरच्या ग्राफचा फोटो टाकला होता. बऱ्याच जणांनी ते पुढं पाठवलं, काहींनी तसं पाणीही दिलं. ते टिपण चुकीचं होतं. विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं हे खरंच आहे, आपले वाडवडील सांगत आले. पण तो तीन अंशांचा आकडा जमिनीचा नव्हता. तो माझ्या तारेच्या जोडाचा होता.

हे मला खरड छाटणीतच कळलं होतं. लिहायला आज उजाडलं, कारण लाज वाटत होती. आता ऑक्टोबर छाटण्या उरकत आल्यात, पुढच्या महिन्यात नवे सेन्सर पुरले जातील, म्हणून म्हटलं आता तरी लिहून टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी राहतो नाशकात, इंदिरानगरला. पोरांच्या शिक्षणासाठी आलो आणि इथलाच झालो. बाग मोहाडीच्या बाजूला. सकाळी इंदिरानगरच्या बोगद्यातून निसटलो तर द्वारका, आडगाव, दहाव्या मैलावरून आत, तासाभरात मळ्यात. बोगद्यात अडकलो तर देवाच्या हवाली. मळ्यावर पेठ तालुक्यातलं एक जोडपं राहतं, बारमाही. वडील होते तोवर थंडीच्या रात्री ते स्वतः बागेत असायचे. निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरला म्हणून सकाळी पेपरात यायचं, आमच्या म्हाताऱ्याला ते रात्रीच अंगावर कळलेलं असायचं. आता रात्री बागेत माणूस पाठवायचा म्हणजे बिबट्याची धास्ती. मागच्या दोन-तीन वर्षांत आमच्या शिवारात कुणाचं कुत्रं गेलं, कुणाचं वासरू. त्या माणसाला "जा रे, बघून ये" असं फोनवर सांगताना माझ्याच पोटात गोळा यायचा. घरात बसून मुळाशी किती थंड आहे ते कळावं, एवढ्यासाठी तो सेन्सर.

थंडीत द्राक्षाचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत थॉमसनचे मणी फुगायच्या अवस्थेत असतात आणि नेमकी तेव्हाच माती गार पडते. पांढरी मुळी चालत नाही. वरून शून्य-बावन्न-चौतीस सोडा, पोटॅश सोडा, ते मातीत पडून राहतं. हवेचं तापमान कुणीही सांगतं, पण खत कधी सोडायचं ते मुळाशी किती अंश आहे त्यावर ठरतं. म्हणून एक फूट खोलीवर सेन्सर हवा होता.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सेट बनवून दिला. एक थर्मिस्टर, स्टीलच्या नळीत बसवलेला, त्याला तीन मीटर तार. एक बॉक्स, त्यात सिमकार्ड. बॉक्सला लाईट लागते म्हणून तो मोटरच्या खोलीत. खोलीपासून बागेतली जागा साठ मीटर. पुतण्या म्हणाला, "काका, तार एकसंध आणा, मधे जोड नको." त्याची परीक्षा होती, तो गेला. माझ्याकडं घरचं लाईट फिटिंग केलं तेव्हाचं दोन वायरींचं बंडल उरलेलं होतं. म्हटलं साठ मीटर नवी केबल कशाला. सेन्सरच्या तीन मीटर तारेला ते बंडल जोडलं, पिळे मारले, वर काळी टेप गुंडाळली. चांगली घट्ट, पाच-सहा वेढे. सबमर्सिबलच्या केबलसाठी चर आधीच खोदलेला होता, त्याच चरात ही तारही टाकली. माती ओढली. कामाला एक दुपार गेली आणि मी खूश.

आता गंमत बघा. तो जोड आला कुठं, तर सेन्सरपासून तीन मीटरवर, बरोबर ड्रीपरच्या खाली.

सुरुवातीचा महिना आकडे चोख आले. डिसेंबरात माती हळूहळू उतरत १८ वर आली. एका पहाटे पाच वाजता ड्रीप चालू केलं, सातला मोबाईल बघितला तर २१. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाणी सोडलं की वर, संध्याकाळपर्यंत परत १८-१९. मला इतका आनंद झाला की मी बायकोला उठवून ग्राफ दाखवला. ती म्हणाली, "बरं," आणि परत झोपली. तेव्हाच मी ते टिपण लिहिलं.

त्यात आणखी एक होतं. ज्या दिवशी व्हेंचुरीतून खत जायचं त्या दिवशी आकडा तीनच्या जागी चार अंशांनी चढायचा. त्याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. खत मिळालं की मुळी चालू होते, मुळी चालू झाली की ऊब सुटते. असं मी चार लोकांना सांगितलंय. दहावी पास माणसाला एकदा ग्राफ वाचता आला की काय काय सुचतं बघा.

मळ्यावरच्या गड्यानं मात्र तेव्हाच सांगितलं होतं. सकाळी बोदावर अनवाणी उभा राहून म्हणाला, "भाऊ, माती लई गार हाये. पाय ठेववत नाही. आन् वल किती झालीय बघा, पाय रुततोय." मी म्हटलं, "मोबाईलवर एकवीस आहे रे." तो गप्प बसला. त्याला गप्प बसवलं ते मी.

जानेवारीच्या शेवटी ओळखीच्या एका कृषी पदवीधरानं फोन केला. हा माणूस कमी बोलतो. म्हणाला, "दादा, तुमचा ग्राफ पाहिला. एक फुटावरची माती दोन तासांत तीन अंश उड्या मारत नाही. एकदा काचेच्या थर्मामीटरनं तपासा." मग त्यानं समजावलं. वरच्या थराला दिवस-रात्रीत कितीही फरक पडू दे, फूटभर खाली तो जेमतेम एक-दीड अंशाचा उरतो, आणि तोही आठ-दहा तास उशिरा पोचतो. म्हणजे पहाटेची सगळ्यात जास्त थंडी फूटभर खाली पोचते ती दुपारी तीन-चारला. हवामान खात्याच्या वेधशाळेत मातीचं तापमान वाकड्या नळीच्या काचेच्या थर्मामीटरनं घेतात, ५, १० आणि २० सेंटीमीटरवर, सकाळी आणि दुपारी असं दोनदाच. माती सावकाश चालते, म्हणून तेवढं पुरतं. पुण्यात १९३२ साली हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला, डॉ. एल. ए. रामदास त्याचे प्रमुख. त्यांनी काळ्या मातीवर खडूची पांढरी भुकटी पसरून खालची माती किती थंड राहते तेही मोजलं होतं म्हणे. नव्वद वर्षांपूर्वी, नुसत्या काचेच्या नळ्यांवर.

मी तपासलं, नाही असं नाही. पोराच्या शाळेतला थर्मामीटर होता घरात. पहारीनं सेन्सरशेजारी फूटभर भोक पाडलं, दोरीनं थर्मामीटर सोडला, वरून गोणपाट टाकलं, दहा मिनिटं थांबलो. पाणी द्यायच्या आधी १८. दोन तास ड्रीप चालवल्यावर पावणेएकोणीस. मोबाईलवर २१. आणि मी काय ठरवलं? थर्मामीटर जुना आहे, हाच बिघडला असणार. दोन पैकी जे मला आवडत होतं ते मी खरं मानलं.

फेब्रुवारीत त्या दीड एकरातले मणी पंधराच्या पुढं सरकेनात. एक्स्पोर्टला सोळा-अठरा एमएम लागतो. शेजारचा प्लॉट, माझाच, तिथं सेन्सर नव्हता म्हणून पाणी नेहमीच्या अंदाजानं दिलं होतं, तो गेला. हा नाही गेला. लोकलला दिला, उरलेला बेदाण्याला. थंडी दोन्ही प्लॉटला सारखीच होती. फरक एवढाच की या प्लॉटात मी दीड महिना रोज पहाटे पाणी ओतलं होतं. थंडीत वेल पितो किती? बोद सतत ओला, वाफसा नावालाही नाही, मुळीला हवा कुठून मिळणार. सगळं नुकसान तारेमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, पण बोद उकरला तेव्हा पांढरी मुळी शोधावी लागली.

माझं झालं ते झालं. पण माझ्या साडूचं निफाड तालुक्यात दोन एकर आहे. त्यानं माझं टिपण वाचून तेच केलं. त्याच्याकडं सेन्सरही नव्हता, माझ्या ग्राफवर त्याची भिस्त. मार्चमध्ये एका लग्नात भेटला, काही बोलला नाही. नुसतं "तुमचं कसं झालं?" म्हणाला. मी "ठीक" म्हटलं. ते "ठीक" अजून टोचतंय.

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर तार उकरली. तीन मीटरवर जोड सापडला. टेप वरून अगदी नवी. सोडली तर आतून ओलसर, तांब्यावर हिरवा थर, आणि टेपचा चिकट भाग साबणासारखा बुळबुळीत. तार तुटली नव्हती, म्हणून तर आकडा येत राहिला. तुटली असती तर बरं झालं असतं, आकडा बंद पडला असता आणि मी गड्याचं ऐकलं असतं.

तो तुकडा पिशवीत घालून घरी आणला. आमच्या बिल्डिंगमध्ये खाली एक अण्णा राहतात, टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना दाखवला. अण्णांनी चष्मा लावला, तुकडा नाकाशी नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "ही टेप भिंतीवरची आहे रे. जमिनीत कुणी घालतं का?" मी म्हटलं, "घट्ट बांधली होती अण्णा." ते म्हणाले, "घट्ट असून काय. पाण्याला घाई नसते. आज नाही, महिन्यानं जाईल."

मग त्यांनी मला त्यांच्या जमान्यातलं सांगितलं, ते मला फार आवडलं. जुन्या टेलिफोन केबलमध्ये तारांवर कागदाचं वेष्टण असायचं आणि बाहेरून शिशाचं. कागद म्हटल्यावर पाण्याचा एक थेंब आत गेला की शेकडो फोन खरखरायचे. म्हणून त्या केबलमध्ये कोरडी हवा दाबानं भरून ठेवायचे. कुठं भोक पडलं तर हवा बाहेर येते, पाणी आत जात नाही, आणि दाब उतरला की एक्सचेंजमध्ये कळतं. पुढं प्लास्टिकच्या केबल आल्या, त्यात जेली भरलेली. अण्णा म्हणाले, "एवढं करून पावसाळ्यात आम्ही खड्ड्यातच असायचो. आणि तू दहा-वीस रुपयांच्या टेपवर दीड एकर सोपवलंस."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच प्रयोग करायला लावला. आमच्या बाल्कनीत. हा प्रयोग तुम्हीही करा, घरी होतो. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात सेन्सर. ही झाली शून्य अंशाची खूण. जोड कोरडा ठेवला तर मोबाईलवर शून्याच्या आसपास. मग जोड, फक्त जोड, शेजारच्या बादलीत साध्या नळाच्या पाण्यात बुडवला. आकडा चढून दोनवर. अण्णांनी बायकोकडं मूठभर मीठ मागितलं आणि बादलीत टाकलं. आकडा साडेसहा. सेन्सर बर्फातच होता, त्याला कुणी हातही लावला नव्हता.

मी खुर्चीत बसलो. खताच्या दिवशी आकडा जास्त का चढायचा ते समोर दिसत होतं. खत म्हणजे मीठच की. मुळी, ऊब वगैरे काही नाही. खारट पाण्यातून जास्त वीज गळत होती.

हिशोब पुतण्यानं नंतर मांडून दिला. थर्मिस्टर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. आमचा २५ अंशाला दहा हजार ओहमचा. १८ अंशाला तो साधारण पावणेचौदा हजार असतो, २१ ला बारा हजार. बॉक्सला फक्त ओहम दिसतात, माती दिसत नाही. ओल्या जोडातून दोन तारांमध्ये नव्वद हजार ओहमची गळती झाली तरी पावणेचौदाचे बारा होतात आणि बॉक्स म्हणतो २१. म्हणजे अशा सेन्सरची तार ओली झाली की तो नेहमी जास्तच दाखवतो. नेमकं थंडीत, नेमकं आपल्याला ऐकायला बरं वाटेल असं.

आता बाजारात तीन तारांचे डिजिटल सेन्सर मिळतात, डीएस१८बी२० म्हणून. ते आकडाच पाठवतात. तार ओली झाली किंवा सुटली तर सहसा गप्प होतात किंवा काहीतरी अचाट दाखवतात. उणे १२७ दिसलं तर बॉक्सला सेन्सर सापडत नाही समजा. सरळ ८५ दिसलं तर सेन्सर नुकताच चालू होऊन अजून मोजायचा आहे, किंवा त्याला वीज नीट पोचत नाही. नाशकात मातीत ८५ अंश झाले तर द्राक्षाची नाही, आपली काळजी करावी लागेल. मला हा स्वभाव आवडला. बिघडला की बिघडलोय असं सांगतो. नवा बसवला तो हाच. पण याचीही तार लांबली की त्रास होतोच, त्यामुळं तारेचं काम सुटत नाही.

यंदा मी काय केलं ते सांगतो. सगळ्यात मोठा बदल म्हणजे तारच कमी केली. बॉक्स मोटरच्या खोलीतून काढून बागेत मांडवाच्या अँगलवर बसवला, वर वहीएवढी सोलर प्लेट. साठ मीटरची तार आता आठ फूट झाली. पुरलेली तार कितीही जपली तरी कुठं ना कुठं मार खाते, म्हणून ती जेवढी आखूड तेवढं बरं. ज्यांना हे जमत असेल त्यांनी खालचं अर्धं वाचायची गरज नाही.

ज्यांना लांब तार ओढावीच लागते त्यांनी ती एकसंध घ्यावी. जोड द्यायचाच झाला तर जमिनीच्या वर, बॉक्समध्ये. तरीही जमिनीतच आला तर अण्णांच्या पद्धतीनं: दोन्ही तारांचे जोड एकमेकांसमोर येऊ द्यायचे नाहीत, पुढंमागं ठेवायचे. प्रत्येकावर जेली भरलेला बारका कनेक्टर, आणि सगळ्यावर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी नळी. गोंद दोन्ही टोकांना बाहेर आलेला दिसला पाहिजे. नंतर ती तार रात्रभर पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवायची आणि सकाळी मेगर लावायचा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं मेगर असतो. एक मात्र लक्षात ठेवा, मेगर पाचशे व्होल्ट सोडतो. सेन्सर आणि बॉक्स दोन्ही सोडवल्याशिवाय लावाल तर दोन्ही जातील. साध्या मल्टिमीटरवर माझा जोड पास झाला होता, कारण तोवर तो बाल्कनीत वाळला होता.

तार पाइपात घालावी, पण पाइप पाणी थांबवतो हा गैरसमज काढून टाका. आत दव धरतंच. पाइप कशासाठी, तर दात आणि फाळासाठी. मी आधी जुनी १६ एमएमची लॅटरल वापरणार होतो, घरात ढीग पडलाय. गडी हसला. म्हणाला, "भाऊ, खारीला आन् उंदराला ती म्हणजे ऊस." खरंय, ड्रीपची लॅटरल ती कशी कुरतडतात ते आपण दर उन्हाळ्यात बघतो. जाड एचडीपीई घेतला. जमिनीतून वर येतो तिथं दोन फूट जीआय पाइपाचा तुकडा, कारण घूस तिथंच उकरते आणि ग्रासकटरची दोरी तिथंच लागते. वरचं तोंड सिलिकॉननं बंद, नाहीतर मुंग्या त्या वाटेनं बॉक्समध्ये वारूळ करतात.

पण हा लोखंडी पाइप सेन्सरपर्यंत खाली नेऊ नका. लोखंड वरची थंडी-ऊन सरळ खाली पोचवतं. पोकळ पाइपातून वरचं पाणीही तिथंच उतरतं. मग तुम्ही माती मोजत नाही, पाइप मोजता. शेवटचा दीड फूट तार उघडी, पाइपाशिवाय, सेन्सरच्याच खोलीवर आडवी नेली. खड्डा एका बाजूला घ्यायचा आणि सेन्सर खड्ड्याच्या भिंतीत, न उकरलेल्या मातीत आडवा खुपसायचा. वरची माती वर, खालची खाली, तशीच परत भरून दाबायची. भुसभुशीत भरली तर पाणी त्याच खड्ड्यात धावतं.

काळी जमीन असेल तर तार ताणून टाकू नका. उन्हाळ्यात भेगा पडल्या की माती तार ओढते. सापासारखी वळणं द्या. बोदाच्या कडेनं आपण छाटणीआधी शेणखताला चर खोदतो, ती जागा सोडा. माझ्या ओळखीत एकाची केबल रोटाव्हेटरनं नाही, स्वतःच्याच कुदळीनं गेली. जिथून तार जाते तिथं बांधावर दोन दगड चुन्यानं रंगवलेत. बॉक्समध्ये तार खालून आत घ्या आणि ग्लँडच्या आधी एक झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी झोळाला येऊन टपकेल, आत जाणार नाही.

आता मोटरच्या केबलचं. जुन्या चरात दोन्ही शेजारी होत्या. मोटर चालू असताना आकडा अर्धा अंश खाली-वर थरथरायचा, ते मी वाऱ्यावर घातलं होतं. फूटभर मातीखाली वारा! थ्री-फेजच्या केबलपासून सेन्सरची तार निदान फूटभर लांब ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, सोबत धावू देऊ नका. लांब तारेला पिळा घातलेली, वर फॉइलची शिल्ड असलेली केबल घ्या. त्या फॉइलसोबत एक उघडी तार असते, ती फक्त बॉक्सच्या बाजूला अर्थ करायची. दोन्हीकडं अर्थ केली की दोन अर्थमधल्या फरकानं शिल्डमधूनच करंट फिरतो आणि होता तो गोंधळ वाढतो. मी आधी दोन्हीकडं केली होती, जास्त पक्कं म्हणून.

विजेचं काय सांगू. वैशाखातला वळीव आला की लांब तार म्हणजे आमंत्रण. वीज तारेवरच पडायला पाहिजे असं नाही, शेजारच्या बांधावर पडली तरी लांब तारेत झटका भरतो आणि बॉक्स जातो. सर्ज अरेस्टर लावतात, मीही लावलाय, त्याला चांगली अर्थिंग पाहिजे. अंगावर पडली तर तोही वाचवत नाही. मी वळिवाच्या महिनाभर प्लगच काढून ठेवतो. तेव्हा मातीचं तापमान बघून मला करायचंय तरी काय.

आणि दर पंधरा दिवसांनी काचेचा थर्मामीटर. तोच, पोराच्या शाळेचा. बर्फात धरून बघितला, शून्यावर बरोबर उभा राहतो. इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये पडून त्याचं काही बिघडलं नव्हतं.

विहिरीच्या पाण्याचं म्हणाल तर काचेनं जो पाऊण अंश दाखवला होता तो मी धरून चालतो. एवढ्यासाठी रोज पहाटे दोन तास पाणी द्यायचं का? माझ्या जमिनीत नाही. कडाक्याची रात्र असेल आणि बोदात वाफसा असेल तरच, तेही अर्धा तास. लॅटरलमध्ये रात्रभर थांबलेलं पाणी आधी बाहेर येतं, ते हवेएवढंच गार असतं, हेही मोजताना कळलं. तुमची जमीन हलकी मुरमाड असेल तर तुमचा आकडा वेगळा येईल. मोजा आणि मला कळवा.

काल साडूकडं जाऊन आलो. हे टिपण आधी त्याला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "म्हणजे आमचं मिठाचं पाणी झालं." त्याची बायको आतून म्हणाली, "चहा ठेवलाय, आधी घ्या." चहा झाल्यावर आम्ही दोघं त्याच्या बागेत गेलो आणि सेन्सरचा खड्डा कुठं घ्यायचा ते ठरवलं. तार आठच फूट लागेल. जोड नाही.

मळ्यावरच्या गड्याला सांगून ठेवलंय, मोबाईल काहीही म्हणू दे, पाय काय म्हणतात ते मला सकाळी फोन करून सांगायचं. परवापासून तो सांगतोय. आज म्हणाला, "अजून गार नाही भाऊ, पण दव पडायला लागलंय."